काखेत पुतणी आणि गावाला वळसा

मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी,
जि. अहिल्यानगर (मी अजून सवयीने नगरच लिहितो, पोस्टमनला दोन्ही कळतं)
शनिवार

चि. प्रार्थना हिस शांतवनकाकाचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

आधी मी "आदरणीय डॉ. प्रार्थना सॅमसन भिंगारदिवे मॅडम यांस" असं लिहिलं होतं. दोन ओळी पुढे गेलो आणि वाटलं, जिचं शेंबडं नाक मी माझ्या रुमालाने पुसलं तिला आदरणीय म्हणायचं तर आधी त्या रुमालाची माफी मागावी लागेल. म्हणून कागद फाडला. मग नुसतं "प्रिय पोरी" लिहिलं, पण पत्रात पुढे जे यायचं आहे ते "प्रिय पोरी"ला सांगण्यासारखं नाही, म्हणून तोही फाडला. हा तिसरा कागद. तेहतीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, मायना चुकला की अर्धा गुण कापला, आणि आज स्वतःला मायना सुचेना. हसतील त्यांचे दात दिसतील, त्यात पहिले तुझे.

प्रभूच्या कृपेने इकडे सर्व खुशाल. तुझ्या दयाकाकूचे गुडघे कुरकुरतात पण थांबत नाहीत. तुझ्या बापाची, म्हणजे आमच्या सॅमसनची, म्हैस व्यायली. रेडा झाला म्हणून तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. (याच माणसाने तू झालीस तेव्हा सबंध तिसगावला पेढे वाटले होते, हेही सांगितलं पाहिजे.) माझ्याबद्दल विचारशील तर मी अगदी ठणठणीत आहे. (हे वाक्य खोटं आहे. पण पत्राच्या सुरुवातीला ते लिहायची रीत आहे. खरं पुढे येईल, हिय्या झाला की.)

तुला वाटेल, काका फोन का करत नाही. तर घरात फोन केला की दयाला ऐकू जातं, अंगणात केला की शेजारच्या झुंबरबाईला ऐकू जातं, आणि झुंबरबाईला ऐकू गेलं की पाथर्डीला वेगळं कळवावं लागत नाही. शिवाय माझं आणि मोबाईलचं सध्या पटत नाही. का पटत नाही ते येईलच.

आता मूळ मुद्दा. पण त्याआधी एक जुना हिशेब माझ्या मनावर आहे तो मोकळा करतो. तू एम.एस. झालीस आणि पुढे मूत्ररोगाचंच शिक्षण घेणार म्हणून हटून बसलीस तेव्हा सॅमसन माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, तू मास्तर आहेस, तूच समजाव. मी पाठाचं टाचण काढावं तसं टाचण काढून आलो. एक, बायकांच्या दवाखान्याचं शिक्षण घे, बायका येतील, पुण्य लागेल. दोन, डोळ्यांचं घे, स्वच्छ काम आहे. तीन, कातडीचं घे, त्यात अपरात्री कुणी उठवत नाही. तू ओट्यावर बसून पेरू खात सगळं ऐकून घेतलंस. मग मी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला : अगं, आपल्या भागातला कोणता गडी पोरीसमोर नाडी सोडील? तू हात पुसलास आणि म्हणालीस, "काका, ज्याला अडेल तो येईल." मला तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं. दयाला मी घरी येऊन सांगितलंसुद्धा की पोरगी शिकली पण मोठ्यांचा मान राहिला नाही. दया म्हणाली, मान राहू द्या, पेरू कितवा होता ते सांगा.

पुढे तू सुट्टीत आलीस की तिकडच्या गोष्टी सांगायचीस. सगळ्या विभागात तू एकटी मुलगी. "डॉक्टर" अशी पाटी असलेल्या कपडे बदलायच्या खोलीत सगळे पुरुष, म्हणून तू तीन वर्षं सिस्टरांच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला कपडे बदललेस. हातमोजे सगळे मोठ्या मापाचे. टेबल पुरुषांच्या उंचीचं, म्हणून पायाखाली लाकडी पाट. तीन तास उभी राहून एखाद्याचा मुतखडा फोडावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गड्याने विचारावं, सिस्टर, डॉक्टर कधी येणार? हे ऐकून चुलत्याने काय म्हणायला हवं होतं? की पोरी, पाठीला रग लागत असेल, बस जरा. मी काय म्हणालो? "बघ, मी सांगत नव्हतो!" आणि वर त्या पाटाची गोष्ट शाळेतल्या मास्तरांना विनोद म्हणून सांगितली. चांगली रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. (त्याच पोटाने आता माझ्यावर चांगलाच सूड उगवला आहे.)

मग गेल्या साली तू नगरला आलीस, जिल्ह्याच्या आपल्या भागातली पहिली बाई या कामातली, आणि तिसगावने तुझा सत्कार केला. अध्यक्ष कोण? मी. ज्याने विरोध केला त्याला अध्यक्ष करायची आपल्याकडे पद्धतच आहे, कारण त्याचं भाषण लांब होतं. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला सहादेव मुकादम, उजव्या हाताला हनुमंतराव माजी सरपंच, त्यापलीकडे सोसायटीचे गोरक्षनाथ. मी चाळीस मिनिटं बोललो. स्त्रीशक्ती झाली, शिक्षणाचं महत्त्व झालं, "तिसगावचा प्रत्येक पुरुष तुझ्या पाठीशी उभा आहे" हेही टेबलावर मूठ आपटून झालं. फक्त तू नेमकी कशाची डॉक्टर, तो शब्द काही माझ्या तोंडून निघेना. समोर आयाबाया, पाळकसाहेब, शाळेची मुलं. मी आपलं "शरीरातील पाण्याचे मार्ग" असं म्हणून वेळ मारून नेली. परिणाम तुला ठाऊकच आहे. हिवरे बाजारच्या बाजूचे एक पाहुणे नंतर तुझ्याजवळ आले आणि आमच्या गावी एकदा येऊन बांध बघा म्हणाले.

पण तुला जे ठाऊक नाही ते हे, की त्या चाळीस मिनिटांत मी दोनदा "एक मिनिट हं" म्हणून मंचावरून उतरलो होतो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं, डोळे पुसायला गेले. मी शाळेच्या भिंतीमागे उभा होतो आणि तिथे काही केल्या काम उरकत नव्हतं. इकडे टाळ्या, तिकडे थेंब. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ना, मी तर पुरता कोरडाही नव्हतो.

आता सांगूनच टाकतो. गेलं दीड वर्ष मला त्रास आहे. उपासनेला मी पुढच्या बाकावर बसायचो तो दाराजवळ बसायला लागलो. पाळकसाहेबांना वाटतं मी नम्र झालो. नगरच्या एस.टी.त करंजीचा घाट आला की मी कंडक्टरकडे नुसतं बघतो आणि तो बेल मारतो, इतकी आमची ओळख वाढली आहे. दयाला वाटलं शुगर. तिने कारल्याचा रस सुरू केला. मी सहा महिने निमूट कारलं प्यालो, कारण खरं सांगितलं असतं तर ती पहिल्या झटक्यात म्हणाली असती, घरात डॉक्टर असताना हे काय? सहादेवाने गोखरूचा काढा दिला. तो घेतल्यावर जावं लागायचं प्रमाण दुप्पट झालं आणि सहादेव म्हणाला, "म्हंजे लागू पडलं की!" या माणसाने वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या संभाळल्या, त्या कशा संभाळल्या देव जाणे.

आणि मग दिवाळीनंतर एके सकाळी लाल गेलं. दुखलं नाही, जळजळलं नाही, नुसतं लाल. दोन दिवसांनी थांबलं. मी मनात म्हटलं, बीट खाल्लं असेल. (आमच्याकडे बीट खात नाहीत.) पंधरा दिवसांनी पुन्हा.

तेव्हा मात्र घाबरलो. आणि घाबरलेल्या माणसाने नगरची गाडी धरावी की नाही? तू तिथे, घाट उतरला की तास दीड तासात तुझा दवाखाना. मी धरली शेवगावची. शेवगावहून पैठण, पैठणहून संभाजीनगर. दयाला सांगितलं, पेन्शनवाल्यांचा मेळावा आहे. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे; ज्याने ती केली त्याला डॉक्टर पुतणी नसणार, नाहीतर त्याने जावयाचे आभार मानले असते. त्या खड्ड्यांच्या रस्त्याने मी कसा गेलो ते लिहीत नाही. येशूने चाळीस दिवस रानात काढले, मी साडेतीन तास एस.टी.त काढले, एवढंच म्हणतो.

दवाखाना मोठा. काउंटरवरच्या मुलीने सोनोग्राफीसाठी पाण्याची बाटली हातात दिली आणि सांगितलं, आजोबा, एवढं सगळं प्या आणि धरून ठेवा. ज्याला धरता येत नाही म्हणून आलो त्यालाच धरायला सांगतात! मी बाटली घेऊन बाकावर टेकलो आणि शेजारी बघतो तो कोण? टॉवेलने अर्धं तोंड झाकून, हातात तसलीच बाटली घेऊन सहादेव मुकादम. "आरं मास्तर, तू हितं?" मी म्हटलं, एका आजारी मित्राला बघायला आलो, तू? "मी आपलं दाताचं दाखवायला आल्तो." समोर भिंतीवर मूत्रपिंडाचं दाराएवढं चित्र. आम्ही दोघं ते चित्र बघत, एकमेकांना न बघता पाणी प्यायलो. एवढ्यात शौचालयाचं दार उघडून हनुमंतराव माजी सरपंच बाहेर आले. ते माझ्या दुसऱ्या बाजूला बसले आणि वर्तमानपत्र उलटं धरलं. सत्काराच्या मंचावरचे आम्हा चौघांतले तीन, त्याच क्रमाने, फक्त हार नव्हते. शेवटी ती मुलगी सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी ओरडली, "तिसगावचे तिन्ही आजोबा, लघवी भरली का?" मग मात्र सहादेव म्हणाला, "मास्तर, ह्यातलं आपल्या प्रार्थनाताईला कळाया नगं." तिघांनी तिथेच शपथ घेतली. काखेत कळसा, गावाला वळसा. आणि वळशात तिघे गाववाले!

सहादेवाचं आणि हनुमंतरावांचं निघालं वयाचं, गोळ्यांवर भागेल असं. माझ्या वेळी डॉक्टरने फिल्म दोनदा उजेडावर धरली. प्रोस्टेट वाढलेलं आहेच म्हणाला, पण लघवीच्या पिशवीत आत काहीतरी उगवलं आहे, फ्लॉवरच्या लहान गड्ड्यासारखं. दुर्बीण घालून काढून तपासायला पाठवावं लागेल, दिवस घालवू नका, येताना घरचं कुणी घेऊन या. घरचं कुणी! मी बाहेर आलो आणि या दोघांना सांगितलं, काही नाही, उष्णता आहे. परतीच्या गाडीत सहादेव दर फाट्याला विचारायचा, "तुजं कसं निघालं? फोटो तरी दाव." परीक्षेचे गुण ताडून बघावेत तसं त्याला ताडायचं होतं.

इथे मोबाईलचा संबंध येतो. घरी पोचल्यावर मी त्या काळ्यापांढऱ्या फिल्मचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "हे बघ. अजून कुणाला सांगू नकोस." आणि सहादेवाला पाठवला. म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तो गेला आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर, एकशे चाळीस विश्वासूंकडे. दहा मिनिटांत मोबाईल मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुणगुणायला लागला. आमेन. प्रभूचे उपकार. अभिनंदन काका. पाळकसाहेबांनी स्तोत्राचं वचन पाठवलं, लेकरं ही परमेश्वराने दिलेलं धन आहेत म्हणून. आक्काबाईंनी तर बोलून पाठवलं, की नाक अगदी आजोबांवर गेलंय! (प्रार्थना, ते सबंधच आजोबांचं होतं.) मला पुसून टाकता येईना, म्हणून मी "आभारी आहे" लिहिलं आणि प्रकरण पक्कं केलं. संध्याकाळी पुण्याहून आमच्या मुलाचा, जॉनचा फोन. सूनबाईला, एंजेलाला, सकाळपासून अभिनंदनाचे फोन येत होते आणि तिला स्वतःला काहीच खबर नव्हती. ती रडते आहे म्हणाला. मी सांगितलं, नेटवरचं चित्र होतं, चुकून गेलं. त्यांना पटलं. पण दयाला नाही पटलं. तिला वाटतं, मुलं तीन महिने होईपर्यंत लपवताहेत. तिने पेटीतून जुनं फुलाफुलांचं सुती पातळ काढलं आणि कुंची शिवायला घेतली. रोज मशीनवर बसते आणि गुणगुणते, आणि मी समोर कारल्याचा रस पितो.

एकशे चाळीस माणसांत ते चित्र काय आहे हे तुला एकटीला कळलं. तू ग्रुपवर अक्षर लिहिलं नाहीस. दयाला फोन केला नाहीस, सॅमसनला विचारलं नाहीस. मला एकट्याला एवढंच लिहिलंस : "काका, ही सोनोग्राफी ज्यांची असेल त्यांनी पंधरा दिवसांच्या आत इलाज सुरू करावा. कुठेही करावा. मीच हवी असं नाही. पण करावा." त्यावर मी तुला काय उत्तर पाठवलं? गुलाबाचं फूल आणि "सुप्रभात".

त्याला आज अकरा दिवस झाले. "मीच हवी असं नाही." हे वाक्य मला रोज दिसतं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. पोरी, मला तुझ्या हाताची शंका आहे असं समजू नकोस. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तीही होती. मनात यायचं, ही पाटावर उभी राहणारी, हिचा हात पुरेल का? आता ती नाही. आता नुसती लाज आहे आणि भीती आहे. तुला सायकलच्या दांड्यावर बसवून मी शाळेत नेलं, तुझ्यापुढे मी नेहमी मोठा होतो, आणि तुझ्या टेबलावर पाय वर करून मोठं राहता येत नाही. दुसरं म्हणजे तिथे काय निघेल ते तू मला सांगशील. परक्या डॉक्टरने सांगितलं तर त्याच्यावर विश्वास न ठेवायची सोय असते. तुझ्यावर ठेवावा लागेल. मला मरायची भीती वाटते, प्रार्थना. मास्तरला वाटू नये असं काही नाही ना?

तरी सर्व बाजूंनी विचार करता, विनंती अशी की पुण्याकडचा तुझ्या ओळखीचा एखादा वयस्कर, शक्यतो पुरुष, डॉक्टर असल्यास त्याचं नाव उलट टपाली कळवावं. बाकी क्षेम. सॅमसनला यातलं सांगू नये. आपली भेट लवकर होवो, पण दवाखान्यात नको.

तुझा,
शांतवनकाका

ता. क. (रविवार) : उपासनेहून आल्यावर पत्र पुन्हा वाचलं. तपासायला दुसऱ्या कुणाचं असतं तर शेवटच्या परिच्छेदावर लाल शेरा मारला असता : "लेखक मूळ विषय सोडून पळाला." पुण्याचं नाव कळवू नकोस. मंगळवारी सकाळच्या गाडीने मीच येतो. अडेल तो येईल म्हणाली होतीस. अडलं आहे.

ता. क. दुसरा (सोमवार सकाळ) : पत्र सहादेवाने वाचलं. (मी दिलं नाही, त्याने घेतलं. पण मी काढूनही घेतलं नाही.) घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "मास्तर, मला उष्णता म्हनून सांगितलंस व्हय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता तोही येणार, आणि त्याने हनुमंतरावांनाही सांगितलं. गोरक्षनाथांचं कळलं, ते तुझ्या भीतीने पार सोलापूरला जातात. त्यांनाही धरून आणतो. तिसगावचा प्रत्येक पुरुष तुझ्या पाठीशी उभा आहे असं मी बोललो होतो. प्रत्येक नाही, पण चार उभे करतो. शौचालय जवळ आहे ना?

ता. क. तिसरा (सोमवार दुपार) : दयाला सांगितलं. मशीन थांबलं. मला वाटलं आता गाव गोळा होईल. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सहा महिने कारलं प्यालात ते माझ्या भीतीनं?" मग डोळ्याला पदर लावला, आणि विचारलं, प्रार्थनाच्या हाताखाली जायचं ना? मी हो म्हटलं. तिने अर्धी झालेली कुंची उसवली, तेच कापड पुन्हा कापलं, आणि स्वतःच्या डोक्याचं माप घेऊन तुझ्यासाठी ऑपरेशनच्या वेळी घालायची टोपी शिवली. मागे केसांसाठी जागा सोडली आहे. म्हणाली, पोरगी तीन वर्षं दुसऱ्यांच्या मापाचं घालत होती.

ता. क. चौथा (मंगळवार, सकाळी दहा) : हे पत्र पोस्टात टाकलंच नाही. तुझ्या सिस्टरच्या हाती आत देतो आहे, कारण तोंडाने मला यातलं एक वाक्य म्हणता यायचं नाही. तू वाचतेस तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर आहे. डावीकडे सहादेव, उजवीकडे हनुमंतराव, पलीकडे गोरक्षनाथ. दया टोपीची पिशवी घेऊन उभी आहे, बसायला तयार नाही. तुझ्या सिस्टरने सांगितलं म्हणून मी दीड लिटर पाणी प्यालो आहे आणि आता मला कळतंय की पत्र फार लांब झालं. म्हैस, पेरू आणि संभाजीनगर वगळून वाचलंस तरी चालेल. टोपी घाल आणि मला आधी आत घे.